हौसाक्काचं कोर्ट

माझी बायको माणसं मारायची. जीव घ्यायची नाही, मारायची. थोबाडीत, पाठीत, बसेल तिथं. बेळगावाजवळच्या कंग्राळीत, आमच्या गल्लीत, तिला हौसाक्का म्हणायचे, आणि पिऊन आलेला गडी हौसाक्का बाजारातनं परत यायच्या आत घरात शिरून दार लावून घ्यायचा.

तिला जाऊन वरीस होत आलं. एका सकाळी मेथी निवडता निवडता आडवी झाली ती उठलीच नाही. लोक येतात, चहा पितात, म्हणतात, 'लई मायाळू बाई होती हो.' मेल्यावर सगळ्याच मायाळू होतात. खरं सांगायचं तर तिचा मार खाल्लेले बरेच जण तिच्या मातीला आले होते, आणि त्यांतला बाळू सगळ्यांत जास्त रडला. त्याचं पुढं येईल.

मी चौथीपर्यंत शिकलो. शेतात जन्म गेला. लिहायची सवय नाही. पण बाई जशी होती तशी कुणीतरी लिहायला पाहिजे, नाहीतर हे लोक तिला पार गोडगोड करून टाकतील.

उंचीला ती माझ्यापेक्षा बोटभर जास्तच होती. अंगानं जाड. डोक्यावरनं भाजीची बुट्टी वाहून वाहून मान बैलासारखी झालेली. आणि हात. तळहात असा की भाकरी थापताना परातीऐवजी हातच पुरला असता. मारायच्या आधी ती एक करायची. दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची. काचेच्या बांगड्या, फुटायला नकोत म्हणून. तो खळकन आवाज आला की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून जायची. आणि मारून झालं की त्याच माणसाला दारातल्या नळावर तोंड धुवायला लावायची, हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि तांब्या द्यायची. 'खा. पाणी पी. आन जा आता.' गूळ दिला म्हणजे विषय संपला. पुन्हा ती गोष्ट काढायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, अशा बाईचा कायद्याशी काय संबंध. तर लई संबंध. तिला कायद्याचं इंग्रजी यायचं.

बेळगावात कोर्टाजवळ चौगुले वकिलांचं हापिस होतं, माडीवर. हौसा सकाळी ते झाडायची आणि मग जिन्याखाली बुट्टी मांडून भाजी विकायची. चौगुले वकील जैन, निपाणीकडचे. काडीसारखा माणूस. मुंगी चुकवून पाय टाकायचे, दिवस मावळायच्या आत जेवायचे. पक्षकारांशी कन्नड बोलायचे, हौसाशी मराठी आणि चिडले की इंग्रजी. भांडून आलेल्या प्रत्येक माणसाला ते एकच वाक्य सांगायचे. हौसानं ते झाडू मारता मारता कितीदा तरी ऐकलेलं. एक दिवस तिनं झाडू टेकवला आणि विचारलं.

'साहेब, ते रोज सगळ्यास्नी काय सांगतासा? डोन टेक द लॉ?'

'डोन्ट टेक द लॉ इन्टू युवर ओन हँड्स. म्हणजे कायदा आपल्या हातात घ्यायचा नाही, हौसाक्का.'

'मग ठेवलाय कुठं त्यो? दावा तरी. लांबनं बगून येतो की आमी.'

वकील हसून हसून चष्मा पुसत बसले. तेव्हापासनं त्यांनाही नाद लागला. रोज झाडता झाडता ते तिला असला एखादा इंग्रजी बोल सांगायचे, आणि उरलेल्या भाजीबरोबर ती तो संध्याकाळी घरी आणायची. मी वैरण कापत असायचो.

'अवो, आज काय शिकिवलं म्हाईत हाय काय? लाँग आर्म ऑफ द लॉ. कायद्याचा हात लई लांब आसतोय म्हणं.'

'आसंल.'

'लांब आसंल, पर आमच्या गल्लीत वळत न्हाय त्यो. आमच्या गल्लीला ह्योच हात.' आणि स्वतःचा हात माझ्या नाकापुढं धरायची.

'बेंड द रूल्स' शिकली त्या दिवशी म्हणाली, 'नियम मोडायचा न्हाय, निस्ता वाकवायचा म्हणं. ऊस हाय व्हय वाकवायला?' गिऱ्हाइकांनाही ती हे ऐकवायची. टोमॅटो दाबून दाबून बघणाऱ्या एका मास्तरणीला म्हणाली, 'बाई, तुमी काय अबव्ह द लॉ हायसा? ठेवा खाली.' मास्तरीण बिचारी ओशाळून दोन किलो घेऊन गेली. आणि कुणाची कॉलर धरली की हौसा मोठ्यानं ओरडायची, 'टेक द लॉ!' आधीचं 'डोन' तिच्या डोक्यातनं गेलं होतं असं नाही. ती ते मुद्दाम गाळायची.

आता बाळूचं. आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. फौंड्रीत कामाला. पगार झाला की पिऊन यायचा आणि बायकोला, शांताला, चुलीतल्या लाकडानं मारायचा. पहिल्यांदा हौसा गेली ती सरळ आत. आतनं कडी लावली. मी बाहेर उभा. ओलं धुणं दगडावर आपटल्यासारखा आवाज, बाकी काही नाही. कडी निघाली तेव्हा बाळूचा कान वांग्यासारखा झालेला. नळ, गूळ, पाणी. संपला विषय.

दुसऱ्या दिवशी हे तिनं वकिलांना सांगितलं. ते दचकले.

'अगं, त्यानं मारलं हे तू डोळ्यानं बघितलंस का?'

'आवाज आलता की.'

'आवाज म्हणजे पुरावा नव्हे. शंका असली तर माणसाला सोडायचं असतं. बेनिफिट ऑफ डाऊट. संशयाचा फायदा.'

हौसाला ते पटलं. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर पटणारच. पुढच्या पगाराला पुन्हा आवाज आला. हौसा गेली. ह्या वेळी दारातच उभी राहिली, बांगड्या वर केल्या नाहीत.

'बाळू, मारलंस काय?'

'न्हाय आक्का. भांडं पडलं.'

शांता कोपऱ्यात, तोंडावर पदर. 'शांते, मारलं काय गं ह्यानं?' शांतानं मान हलवली. न्हाय.

हौसा परत आली आणि शहरातनं नवी वस्तू आणल्यासारखी मला म्हणाली, 'बेनिफिट ऑफ डाऊट दिला त्येला.'

सकाळी शांताला दवाखान्यात न्यावं लागलं. पदराखाली डोळा नव्हताच. लाकडाचं पेटतं टोक आत गेलेलं. हौसा दवाखान्यात जाऊन बघून आली. येऊन बांगड्या वर सारल्या, बाळूला केसाला धरून उंबऱ्यापाशी आणला, त्याचं उजवं मनगट उंबऱ्यावर ठेवलं आणि वर बसली. सगळी गल्ली बघत होती. बाळू गुरासारखा ओरडला. मग नळ. मग गूळ. त्याला गूळ धरता येईना तर तिनं स्वतः तोंडात घातला.

बाळूनं पिणं सोडलं असं मी म्हणणार नाही. पितो. पण हात उचलत नाही. उजवा तर नीट उचलतच नाही त्याचा.

वकिलांना जाऊन ती एवढंच बोलली, 'साहेब, तुमचा फायदा तुमी परत घ्या. शांतीचा डोळा गेला त्यात.' वकिलांनी त्या दिवशी काही खाल्लं नाही.

एवढी सगळ्या गल्लीच्या बायकांची राखण करणारी बाई, आणि आमची एकुलती एक पोर सुमन, तिला जावई कसला मिळावा? दिलीप. कोगनोळीच्या बाजूला त्यांचं घर, हायवेजवळ. तंबाखू, ऊस, बरं चाललेलं. दिसायला देखणा, बोलायला मऊ. लग्नात माझ्या पाया पडला तेव्हा हौसानं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला होता. मारायचा हात, पण फिरवला की लई मऊ लागायचा तो.

त्यांच्या शेताची एक गोष्ट सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घर कर्नाटकात. घरामागं शेत. शेताच्या मधनंच राज्याची हद्द जाते. बांधावर हद्दीचा दगड आहे, चुना लावलेला. दगडापलीकडं महाराष्ट्र. पलीकडच्या तुकड्यात त्यांची तंबाखू ठेवायची खोप. बैल, माणूस, पाणी, सगळं दिवसभर हिकडनं तिकडं जातं, कुणी काही विचारत नाही.

सुमन एका दुपारी एकटीच एसटीनं घरी आली. ओठ फुटलेला, चालताना एका कुशीवर हात. हौसा चहा टाकायला उठली आणि साखरेचा डबा काढायला फळीकडं हात वर केला. सुमननं दोन्ही कोपरं तोंडावर घेतली आणि खाली बसली. हौसाचा हात तसाच वर राहिला. त्या दिवशी तिनं फळीवरचे सगळे डबे खाली मांडले, भिंतीकडेला, रांगेत. पोरीच्या पुढं घरात कुणी हात वर करायचा नाही. अजून ते डबे खालीच आहेत. मीठ घ्यायला गुडघे दुखतात, पण वर ठेवत नाही.

मग सुमननं सांगितलं. पहिल्यांदा त्यानं तिला खोपीत मारलं. ती तशीच उठून अलीकडच्या पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या माणसानं विचारलं, 'एल्ली आय्तु?' कुठं झालं? हिनं खरं सांगितलं, खोपीत. 'मग ते महाराष्ट्रात. तिकडं जा.' ती तिकडं गेली. तिकडच्यानं विचारलं, 'राहता कुठं?' हिनं खरं सांगितलं. 'मग तुमचं ठाणं तिकडं.' ती घरी परत आली. हे दिलीपला कळलं. तो हसला म्हणे. आणि तेव्हापासनं त्यानं घरात तिला कधी बोट लावलं नाही. मारायचं असलं की केसाला धरून शेतातनं ओढत न्यायचा, दगड ओलांडायचा आणि पलीकडं गेला की मारायचा. 'चल, तुझ्या आईच्या राज्यातनं भाईर.' ओल्या कासऱ्यानं. एकदा लाथेनं. त्यात बरगडी गेली.

हौसानं सुमनच्या अंगाला हळद लावली आणि सकाळी तिला घेऊन वकिलांकडं गेली. मीही गेलो.

'कायदा सांगतो, कुठल्याही ठाण्यात लिहून घेतलंच पाहिजे,' वकील म्हणाले. 'हद्द नंतर बघायची.'

'कायदा सांगतोय व्हय? मग येऊ दे की त्येला एकदा आमच्यासंगं. बसू दे त्या बाकड्यावर दिवसभर.'

'हौसाक्का, अर्ज करू. वरच्या साहेबांकडं जाऊ. वेळ लागेल. पण एक सांगतो, तू...'

'डोन टेक द लॉ,' हौसा म्हणाली. 'म्हाईत हाय.'

अर्ज वर जायच्या आतच दिलीपचा चुलता चार मोठी माणसं घेऊन गावात आला. तालुक्यात वजन असलेला माणूस. देवळाच्या मंडपात बैठक बसली. आमच्याही गावचे मोठे होते. बिस्किटं, चहा, सगळं चुलत्याचं. दिलीपनं देवाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली. सगळे म्हणाले, पोरगं चुकलं, संसार आहे, भांड्याला भांडं लागायचंच. हौसा म्हणाली, 'भांड्याची बरगडी मोडत न्हाय.' तिला गप्प बसवलं. आणि सुमनच म्हणाली, 'आई, एकदा बघू दे मला.' त्यापुढं हौसाचा हात चालला नाही. पोर गेली.

वकिलांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. 'ह्याला म्हणतात कांगारू कोर्ट.'

'कांगारू म्हंजे?'

'एक जनावर. पोटाच्या पिशवीत पिल्लू घेऊन उड्या मारत पळतं.'

'पोटात पोर घिऊन पळतंय?' हौसा म्हणाली. 'मग ते बरं की वो. ह्यांनी तर माजी पोर टाकून दिली आन पळाले.'

ऊसतोड चालू होती तेव्हाची गोष्ट. सुमनचा फोन यायचा बंद झाला. हौसा म्हणाली, चला. न सांगता निघालो. कोगनोळीला उतरून चालत गेलो. हिच्या डोक्यावर बुट्टी, लेकीला म्हणून घेवडा, वांगी, ओंजळभर गूळ. घराला कुलूप होतं. मागनं आवाज आला म्हणून आम्ही शेतात वळलो.

दिलीपचं लक्ष खाली होतं. उलटा चालत होता, सुमनच्या केसांचा वेढा हाताला मारून तिला बांधावरनं ओढत. तिचे पाय मातीत रेघ काढत होते. दुसऱ्या हातात कासरा. ऊस तोडणारी माणसं हातात कोयते घेऊन बघत उभी. तो दगडापर्यंत आला होता.

हौसानं बुट्टी खाली ठेवली. बांगड्यांचा खळकन आवाज आला.

तो आवाज ऐकून त्यानं मान वर केली, आणि टाच दगडाला लागून मागं आपटला. डोकं पलीकडं, पाय अलीकडं. हौसा गेली आणि त्याच्या छातीवर मांड घालून बसली. त्याच्या हाताचा वेढा तिनं आधी सोडवला, एकेक केस बघून, पोरीला दुखू नये म्हणून. मग कासरा काढून घेतला आणि लांब फेकला. मी सुमनला ओढून माझ्याकडं घेतली. माझ्याकडनं तेवढंच झालं.

'दिलीप, मारलंस काय माज्या पोरीला?'

'सासूबाई, उठा. मी न्हाय...'

थाड. एवढा आवाज झाला की उसातली पाखरं उडाली.

'मारलंस काय?'

'न्हाय!'

थाड. नाकातनं रक्त आलं. तो हात मारत होता, तिच्या तोंडावर ओरबाडलं त्यानं, तिची कानशिलं रक्तानं भरली. ती हलली नाही. दर वेळी तेच विचारायची, त्याच आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. मारलंस काय. न्हाय. थाड. त्याचे डोळे सुजून बारीक झाले. दात हलला. माती रक्तात कालवली जाऊन त्याच्या केसाला चिकटली. मला वाटलं ही आता ह्याला संपवते. मी ओरडलो, 'हौसे, बास!' तिनं ऐकलं नाही.

'मारलंस काय?'

'व्हय,' तो म्हणाला. तोंडातनं बुडबुडा आला. 'मारलं. मारतो मी.'

हौसाचा हात वरच थांबला. तिनं तोडणाऱ्या माणसांकडं बघितलं. 'ऐकलासा न्हवं?' मग उठली, बांगड्या खाली घेतल्या, बुट्टी उचलली. त्याला नळावर नेलं नाही. गूळ दिला नाही. तिच्या हातचा मार खाऊन गूळ न मिळालेला तो एकटाच.

सुमनला घेऊन आम्ही आलो. पुढं काय झालं ते वकिलांनी काढलं. दिलीप तोंडाला फडकं बांधून अलीकडच्या ठाण्यात गेला.

'एल्ली आय्तु?'

'हद्दीच्या दगडावर.'

'डोकं कुठं होतं?'

'पलीकडं.'

'आणि पाय?'

'अलीकडं.'

'मार डोक्याला बसला न्हवं? मग तिकडं जा.'

तिकडच्यांनी विचारलं, सासू कुठली? कंग्राळीची? मग तिकडंच जा. असा तो सुजलेलं तोंड घेऊन हायवेवरनं हिकडनं तिकडं फिरला. वकील हे सांगताना खुर्चीवरनं उठून उभे राहिले. जन्मात मुंगी न मारलेला माणूस, पण तोंड लाल झालेलं. 'हौसाक्का, ह्याला म्हणतात पोएटिक जस्टिस!'

'म्हंजे?'

'कवितेत शोभावा असा न्याय.'

'कवितेत नको वो साहेब,' हौसा म्हणाली. 'कोर्टात पायजे.'

तो मिळाला तो दिलीपच्याच चुलत्यामुळं. चुलत्यानं आपलं वजन वापरलं आणि अलीकडच्या ठाण्याला दिलीपची तक्रार लिहून घ्यायला लावली. वकील वाटच बघत होते. ते वरच्या साहेबांपुढं जाऊन उभे राहिले, म्हणाले, त्याच दगडावर, त्याच दुपारी, त्याच माणसानं काय केलं तेही आता लिहा. डोकं-पाय त्याचं चालतं तर हिचंही चालेल. सुमनचं लिहून घेतलं. दोन्ही केसी एकाच कोर्टात आल्या. एकीत जावई आरोपी, एकीत सासू.

हौसाच्या केसीच्या दिवशी वकील आमच्याआधी येऊन कोर्टाच्या व्हरांड्यात उभे होते. हळू आवाजात म्हणाले, 'हे बघ. तोडणारे मजूर त्यांच्या गावाला गेले. बाहेरचा साक्षीदार नाही. जागेचा घोळ आहे. तू फक्त म्हण, मी मारलं नाही. सुटशील. संशयाचा फायदा नक्की मिळतो.'

'कसला फायदा म्हणालासा?'

वकील चष्मा काढून पुसायला लागले.

'त्यो फायदा मी एकदा दिलता, साहेब,' हौसा म्हणाली. 'मला घ्यायला सांगू नगा.'

'तुरुंगात जाशील गं. ह्या वयात.'

'आन मी न्हाय म्हटलं, तर त्यो बी न्हायच म्हणंल. मग माज्या पोरीला काय ऱ्हातंय?'

न्यायाधीश बाई होत्या, सुमनच्याच वयाच्या असतील. कन्नडमध्ये विचारलं, हे आरोप मान्य आहेत का. हौसाला कन्नड चांगलं यायचं, पण ती मराठीतच बोलली. बाईंना कळत होतं.

'व्हय बाईसाब. मारलं मी. उजव्या हातानं. छातीवर बसून मारलं. रक्त निघस्तवर मारलं.'

चौगुले वकील खाली मान घालून उभे होते.

'मी माजं सांगितलं,' हौसा म्हणाली. 'आता त्येला इचारा. त्येनं बी आपलं सांगू दे.' आणि मागं वळून दिलीपकडं बोट केलं.

बाईंनी तिला थांबवलं. म्हणाल्या, ते वेगळं प्रकरण आहे, त्याची तारीख वेगळी. पण त्यांनी दिलीपकडं बघितलं. चांगलं बघितलं. आणि त्यानं कुठं बघितलं? फरशीकडं.

शिक्षा झाली. थोडा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कोर्टात बसून राहायचं. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वकील म्हणाले, नाही, असते अशी शिक्षा. लहान गुन्ह्याला, पहिल्यांदाच असला तर. आज इथं बसायचं, कोर्ट उठलं की सुटका.

हौसा मागच्या बाकड्यावर बसली. शेजारी सुमन, मी दाराशी. दिवसभर ती बसली, पाठ टेकली नाही. जमिनीच्या केसी झाल्या, चेकच्या झाल्या, एका म्हाताऱ्याची म्हैस चोरीला गेली होती तिची झाली. म्हशीच्या केसीत तिनं पट्टेवाल्याला हळूच विचारलं, 'मिळाली काय म्हस?' पट्टेवाल्यानं ओठावर बोट ठेवलं. मधल्या सुट्टीत वकील आत आले आणि तिच्याशेजारी बसले. तिला म्हणाले, 'इंग्रजीत एक म्हणतात. डे इन कोर्ट. प्रत्येकाला कोर्टात आपला एक दिवस मिळाला पाहिजे.' हौसा म्हणाली, 'माजा न्हाय ह्यो. पोरीचा अजून याचाय.'

पोरीचा दिवस आला, पण हौसा गेल्यावर. सुमन उभी राहिली आणि सगळं बोलली, दगडापासनं. त्याला शिक्षा झाली. तो वर अपिलात गेलाय, जाऊ दे. सुमन आता जिन्याखाली आईच्या जागेवर बसते. मारत नाही ती कुणाला. आवाज मात्र आईचाच.

मला हौसा दिसते ती त्या कोर्टातल्या संध्याकाळची. बाई उठल्या, सगळे उठले, बाई आतल्या दारानं गेल्या. पट्टेवाला पंखे बंद करत आला. 'आजी, उठा. झाली शिक्षा.'

'त्येची कवा?'

'त्याची तारीख पुढं आहे.'

'मग फुडं बी येऊन बसायचं आमी,' म्हणत ती उठली. दिवसभर बसून पदर डोक्यावरनं घसरला होता. दारात दिलीप उभा होता, चुलत्याबरोबर. जावयाच्या पुढनं उघड्या डोक्यानं जायचं कसं, म्हणून तिनं सवयीनं पदर घ्यायला उजवा हात वर नेला.

दिलीपनं दोन्ही कोपरं तोंडावर घेतली. भिंतीला पाठ लावून खाली सरकला.

आमच्या सुमनसारखाच. अगदी तसाच. सुमननंही बघितलं.

हौसा जागच्या जागी थांबली. तिच्या तोंडावर मला राग दिसला नाही, आनंदही दिसला नाही. साखरेच्या डब्याकडं हात नेलेल्या दुपारी ती जशी उभी होती तशी उभी राहिली. मग तिनं हात हळूच खाली घेतला, पदर तसाच खांद्यावर राहू दिला, आणि उघड्या डोक्यानं त्याच्या पुढनं चालत बाहेर गेली.